किरकोळ गुन्ह्याची तारीख: कोर्टाची सेवा कशी आहे?

रस्त्यावर आरडाओरडा, असभ्य वर्तन, दारू पिऊन धिंगाणा. अशा प्रकरणांत महाराष्ट्रात माणूस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात पोचतो. (मुंबईत अजून ‘महानगर दंडाधिकारी’ म्हणायची सवय आहे, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्यात, ते पद उरलेलं नाही.) गुन्हा कबूल करणाऱ्याला इथली सेवा झटपट मिळते. केस लढवणाऱ्याला मात्र तारखा मोजाव्या लागतात.

समन्स हातात आलं की आधी कलम बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११० किंवा ११२ असेल, तर ११७ खाली जास्तीत जास्त १२०० रुपये दंड, कैद नाही. भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याचं) ३५५, म्हणजे दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, असेल तर २४ तासांपर्यंत साधी कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा. २९६, म्हणजे अश्लील कृत्य, असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे वकिलाशिवाय उभं राहू नये. आणखी एक तारीख तपासा: फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते. घटनेनंतर त्याहून उशिरा प्रकरण दाखल झालं असेल, तर तो मुद्दा पहिल्याच तारखेला मांडावा.

कोर्टात सकाळी अकराच्या आधी पोचा. बाहेर लावलेल्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपला नंबर शोधा. शिपाई पुकारा करतो तेव्हा नाव गर्दीत नीट ऐकू येत नाही, वर ते वडिलांच्या नावासकट घेतलेलं असतं. चहाला गेलेला माणूस इथेच अडकतो. पुकाऱ्याला हजर नसाल तर वॉरंट निघू शकतं. येणं अशक्य असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या, तोही पुकाऱ्याआधी. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच असतो. बऱ्याचदा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच लिहून दिलेल्या हमीवर, काम भागतं.

मग खरा क्षण. न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? पाच मिनिटांत सुटतो, म्हणून हो म्हणून टाक, असा सल्ला बाहेर उभं असलेलं कुणीही देतं, कधी कोर्ट ड्युटीवरचा हवालदारसुद्धा. हा सल्ला वाईटच असतो असं नाही, पण अर्धवट असतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ‘शिक्षा झाली आहे का?’ हा रकाना आला की तिथे ‘नाही’ लिहिता येत नाही, आणि माहिती लपवली तर मूळ गुन्ह्यापेक्षा ते जड जातं. शिवाय कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा कायदेशीरपणाबद्दल करता येतं. तेव्हा आरोप नीट कळला नसेल तर पुन्हा समजावून मागा, कागदपत्रांच्या नकला मागा, वेळ मागा. यात उद्धटपणा काही नाही.

पहिलाच गुन्हा असेल तर परिवीक्षा कायद्याखाली (गुन्हेगाराला शिक्षेऐवजी सुधारायची संधी देणारा कायदा) समज देऊन सोडण्याची विनंती करता येते. ती दंडाआधी आणि वकिलानं लेखी केलेली बरी. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा; महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. ही सोय चांगली आहे, फक्त कोर्टाच्या आवारात तिचा पत्ता कुणी आपणहून सांगत नाही.

दंड झाला तर तो कोर्टातच भरा आणि पावती घ्या. हवालदाराच्या हातात रोख देऊ नका. जायच्या आधी नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. पडताळणीच्या वेळी नुसत्या पावतीवर कुणाचं समाधान होत नाही.