ग्रेट सर्कल मॅपर: अंतर नेमके, वेळेचा हिशेब मात्र आपला आपण

दोन विमानतळांचे रोमन लिपीतील तीन अक्षरी संकेत मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले की ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे संकेतस्थळ त्या दोन ठिकाणांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर सांगते आणि नकाशावर ती वाट आखून दाखवते. मुंबई ते न्यू जर्सीतील नेवार्क हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेकडे रेघ ओढणाऱ्याला नवल वाटेल, कारण ही वाट वायव्येला निघून पाकिस्तान व अफगाणिस्तानावरून मॉस्कोच्या परिसरात पोहोचते आणि आइसलँड ओलांडून कॅनडाकडे उतरते.

या कामात संकेतस्थळ चोख आहे. मात्र कागदावरची ही वाट प्रत्येक विमानाला खुली असतेच असे नाही. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा किती पडला, हे या आकड्यावरून समजत नाही.

वेळेच्या बाबतीत अडचण अधिक मोठी आहे. अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून उड्डाणाची वेळ सांगणारी कितीतरी संकेतस्थळे आहेत आणि त्यांच्या लेखी जाण्याची व येण्याची वेळ सारखीच असते. प्रत्यक्षात साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे हे गणित बिघडवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजच्या विमानाने न्यू यॉर्क ते लंडन हे सुमारे ५,५४० किलोमीटरचे अंतर पाच तासांच्याही आत कापले होते. त्याहून बोलके उदाहरण आपल्याकडचे आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकवरून विमान नेले, तेव्हा ते जवळपास १५,३०० किलोमीटर उडाले आणि तरीही वारा पाठीशी असल्यामुळे अटलांटिकच्या वाटेपेक्षा लवकर, सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले. लांबचा रस्ता लवकरचा ठरतो, हे कोणत्याही भागाकारातून निघणार नाही.

म्हणून माझे मत असे की अंतरासाठी हे संकेतस्थळ निःशंक वापरावे आणि वेळेसाठी विमान कंपनीचे वेळापत्रकच पाहावे. त्यातल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर फाटकापर्यंत येण्याचा काळही धरलेला असतो. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा ठरवताना तर आयत्या अंदाजावर विसंबूच नये. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो आणि प्रवास परतीच्या तुलनेत बहुधा लांबतो.

संकेतस्थळाची मांडणी जुन्या वळणाची आहे आणि नवख्याला विमानतळांचे संकेत आधी शोधावे लागतात. मधला थांबा जोडून दोन मार्गांची तुलना करता येते, ही सोय मात्र तिकीट काढण्यापूर्वी फार उपयोगी पडते. लंडनमार्गे नेवार्कला गेल्यास अंतर थोडेच वाढते. दुबईमार्गे किती वाढते, हेही त्याच रकान्यात लिहून पाहता येईल.