वाळवंटी विहिरीतला लॉगर: पातळीला पक्का, क्षाराला कच्चा

पाण्याची पातळी, तापमान आणि विद्युतवाहकता (ईसी) एकाच नळकांड्यातून नोंदवणारे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं) निरीक्षण विहिरींसाठी सर्रास घेतले जातात. विहिरीत सोडायचा, दर तासाची नोंद लावायची, सहा महिन्यांनी आकडे उतरवून घ्यायचे. विहिरी लांब लांब असलेल्या वाळवंटात ही सोय मोठीच. फक्त एवढं ध्यानात असू द्या: हे यंत्र पातळी नव्हे, दाब मोजतं, आणि क्षार नव्हे, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं.

घेतानाच चूक होते ती पल्ल्याची, म्हणजे लॉगर जास्तीत जास्त किती मीटर पाणी मोजू शकतो त्याची. अचूकता बहुधा पूर्ण पल्ल्याच्या ०.०५ टक्के दिलेली असते. म्हणजे १० मीटरच्या लॉगरला ५ मिलिमीटर, १०० मीटरच्याला थेट ५ सेंटिमीटर. पल्ला विहिरीच्या खोलीवरून ठरवायचा नसतो, लॉगरच्या डोक्यावर किती पाणी उभं राहणार त्यावरून ठरवायचा. उपसा नसलेल्या वाळवंटी जलधरात (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरात) पातळी वर्षभरात जेमतेम काही सेंटिमीटर हलते. तिथे मोठ्या पल्ल्याचा लॉगर टाकणं म्हणजे सोनं तोलायला धान्याचा काटा.

हवेची नळी नसलेला लॉगर पाणी आणि हवा दोन्हींचा दाब एकत्र मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी, त्यामुळे हवेचा दाब वजा करायला त्याचा दुसरा लॉगर लागतोच. तो झाकणापाशी उन्हात टांगला की सेन्सर तापून आकडे सरकतात. केसिंगमध्ये (विहिरीत बसवलेल्या पाइपात) पाण्याच्या बराच वर, पण झाकणापासून दोन-तीन मीटर खाली सोडा आणि झाकणाला हवेसाठी भोक आहे ना ते बघा. वजाबाकीनंतरही रोजची लाट उरली, तर यंत्र लगेच परत पाठवू नका. हवेचा दाब उघड्या विहिरीत तत्काळ पोचतो, जाड कोरड्या थरातून जलधरापर्यंत मात्र उशिरा. त्या फरकाने विहिरीतलं पाणी खरोखरच खालीवर होतं.

सॉफ्टवेअर पाण्याची घनता मुळात १ धरून चालतं. खारट पाण्याची घनता १.०१ असेल आणि लॉगर २० मीटर पाण्याखाली असेल, तर पातळी २० सेंटिमीटर जास्त दिसते. भूजलाचा उतार २००० मीटरला १ मीटर असेल, तर एवढा फरक म्हणजे ४०० मीटर अंतराचा उतार. एक विहीर गोडी, शेजारची खारट असली की नकाशावर प्रवाहाची दिशाच उलटू शकते. लॉगर सोडताना आणि काढण्यापूर्वी टेपने पातळी घ्याच. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. स्टीलची तार वापरा.

ईसीचा भाग निराश करतो. इलेक्ट्रोडवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढला की आकडा हळूहळू उतरतो आणि पाणी गोडं होतंय असा भास होतो. हा थर सौम्य आम्लाने निघतो. जिप्समचा मात्र चिवट. कॅलिब्रेशन फक्त १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने केलं तर मचूळ पाण्याला ते पुरत नाही, १२,८८० चं द्रावणही हवं. या द्रावणाची बाटली उन्हात सैल बुचाने राहिली तर द्रावण आटून दाट होतं आणि पुढचे सगळे आकडे कमी येतात. ईसी अंशाला साधारण २ टक्के बदलते. ३५ अंशांच्या पाण्याचा आकडा २५ अंशांवर आणलाय की कच्चाच आहे हे फाइलमध्ये तपासा. नाहीतर २० टक्के ‘क्षारवाढ’ निव्वळ उष्णतेची निघायची.

सॉफ्टवेअर देतं तो टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा) म्हणजे ईसीला एका ठरावीक गुणकाने केलेला गुणाकार. सल्फेट भरपूर असलेल्या पाण्याला ०.५ चा गुणक लावला तर टीडीएस बराच कमी येतो. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे की ४, हे ईसीवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी नमुनाच हवा: साठलेलं पाणी तीन पट उपसून (१५० मिलिमीटर केसिंगला एक पट म्हणजे मीटरमागे १७.७ लिटर), आकडे स्थिर झाल्यावर, ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून. धन आयनांच्या (कॅल्शियम, सोडियम वगैरे) बाटलीत नायट्रिक आम्ल, ऋण आयनांच्या (सल्फेट, फ्लोराइड वगैरे) बाटलीत काहीही नाही.

पैसे मोजके असतील तर ईसीवाला लॉगर एकाच विहिरीत टाका, जिथे उपशाने खालचं खारट पाणी वर चढण्याची भीती आहे तिथे. बाकीच्या विहिरींना साधे पातळीचे लॉगर घ्या आणि वाचलेली रक्कम नमुन्यांच्या तपासणीसाठी ठेवा.