कार्बाइड म्हणून मला साधे पोलाद विकले गेले

यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलच्या सिलिंडरचा इनटेक पोर्ट, म्हणजे हवा-इंधन आत येण्याचा मार्ग, स्वतः कोरून मोठा करावा, या इच्छेने गेल्या हिवाळ्यात मी हत्यारांच्या एका दुकानातून विजेवर चालणारा डाय ग्राइंडर (हातात धरून वेगाने फिरवायचे कोरण्याचे यंत्र) आणि त्यात बसणाऱ्या रोटरी बरचा, म्हणजे दातेरी डोक्याच्या कापणाऱ्या टोकांचा, संच विकत घेतला. दोन्हींचे मिळून 4,600 रुपये दिले आणि दोन्ही वस्तू खोट्या निघाल्या.

या सिलिंडरला बाहेरून ॲल्युमिनियम आणि आतून बिडाचे (ओतीव लोखंडाचे) लायनर, म्हणजे अस्तराची नळी, असते. ॲल्युमिनियमसाठी मोठ्या, मोकळ्या दातांचा बर लागतो, कारण बारीक दातांत मऊ चुरा चिकटून बसतो आणि बर कापण्याऐवजी नुसता घासू लागतो. बिडाला मात्र आडवे-तिरपे दुहेरी दात असलेला बर चांगला चालतो. मी हे दुकानदाराला सांगितले, तेव्हा त्याने ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक बर चालवून दाखवला आणि सगळा संच टंगस्टन कार्बाइड या पोलादापेक्षा खूप कठीण पदार्थाचा असल्याची ग्वाही दिली. मऊ ॲल्युमिनियम साध्या पोलादानेही कापले जाते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते.

घरी लायनरच्या कडेला बर लावताच दोन-तीन मिनिटांत त्याचे दात बोथट झाले. नंतर ओळखीच्या टर्नरने (लेथ कारागिराने) बरच्या डोक्यावर कानस ओढली, तर ती सरळ रुतली. खऱ्या कार्बाइडवर कानस नुसती घसरते. शिवाय कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असते आणि त्याचे डोके दांड्याला जिथे जोडलेले असते, तिथे जोड सहसा दिसतो. माझ्या बरवर तसा जोड कुठेच नव्हता. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण कार्बाइडमधल्या कोबाल्टमुळे तेही चुंबकाला थोडे चिकटते.

अधिक नुकसान ग्राइंडरने केले. वेग कमी-जास्त करण्यासाठी त्यावर 1 ते 6 आकड्यांची चकती होती, पण ती कशीही फिरवली तरी आवाज बदलत नव्हता. उघडून पाहिले तेव्हा चकतीला एकही तार जोडलेली नव्हती. बरचा दांडा पकडणारे कोलेट 6 मिलिमीटरचे असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात ते पाव इंचाचे, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे निघाले, त्यामुळे 6 मिलिमीटरचा दांडा त्यात नीट मध्यावर धरला जात नव्हता. लांब दांड्याचा बर मंद वेगातच चालवायचा असतो, कारण पूर्ण वेगात मोकळा फिरला तर तो वाकतो आणि हात किंवा डोळाही जाऊ शकतो. माझा बर थरथरत पोर्टमधून सटकला आणि लायनरच्या आतल्या भिंतीवर खोल ओरखडा पडला. सिलिंडर रिबोअर करून, म्हणजे आतून कोरून थोडा मोठा करून, 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन बसवावा लागला.

दुकानदाराने परतावा नाकारला. पावती कच्ची होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि खोक्यावर ज्या कंपनीचे नाव होते तिच्या सेवा केंद्राने मशीनवरचा क्रमांक आपला नसल्याचे सांगितले. पक्क्या बिलाचा आग्रह न धरणे ही माझी चूक होती. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे.

आता मी टर्नरच्या कारखान्यातला हवेवर चालणारा ग्राइंडर वापरतो. तो हलका आहे आणि खटक्यावरच्या दाबाने त्याचा वेग हातात राहतो, मात्र त्याला सतत भरपूर हवा लागते आणि घरगुती लहान कॉम्प्रेसरची टाकी थोड्याच वेळात रिकामी होते. संचाऐवजी एकेक करून विकत घेतलेल्या दोन कार्बाइड बरांनी, एक ॲल्युमिनियमसाठी आणि एक बिडासाठी, पोर्टचे उरलेले काम मागच्या आठवड्यात पूर्ण झाले.