काटा ७० वरच अडतो: टेबलटॉप चेंबर व्हॅक्यूम मशिन, आठ महिन्यांनंतर

सीलिंग बार केवढा, पंप किती क्षमतेचा, हे सगळं जाहिरातीत आहेच. मला बोलायचंय ते झाकणाशेजारच्या छोट्याशा गेजबद्दल. घरच्यांच्या मते आठ महिने मी मशिन वापरलेलंच नाही, नुसता काटा बघत बसलेय.

कोथरूडला माझा घरगुती उद्योग आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. निम्मा माल लोकांच्या बॅगांतून परदेशी जातो, म्हणून साधं सीलर सोडून पिशवीतली हवा काढून मग सील करणारं हे मशिन घेतलं. गेजवर ० ते ७६ आकडे, आणि काटा पहिल्या दिवसापासून ७० ला येऊन थांबायचा. कितीही वेळ लावा, ७० म्हणजे ७०. रत्नागिरीच्या मावसबहिणीकडे हेच मॉडेल, आंबापोळीसाठी घेतलेलं, तिचा काटा ७५ ला! दुकानदार एकच, किंमत एकच. मग मला झोप कुठली?

सर्व्हिसवाला मुंबईहून आला. "ताई, लीक आहे," म्हणत त्याने झाकणाचं सिलिकॉन गॅस्केट बदललं, व्हिजिटसकट १,८०० रुपये घेतले. काटा ७० वरच. "मग पंप बदलावा लागेल." पंपाची किंमत ऐकल्यावर मी स्वतःच डोकं चालवायचं ठरवलं.

तर झालं होतं असं. हे गेज आतल्या हवेचा दाब थेट दाखवतच नाही, बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतं. समुद्रकाठी बाहेरचा दाब ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, इथे तो जेमतेम ७१. म्हणजे साक्षात विश्वकर्म्याने पंप बसवला तरी पुण्यात काटा ७१ च्या पुढे जायचा नाही. तिच्याकडे ७६ पैकी ७५, माझ्याकडे ७१ पैकी ७०. उरलेली हवा दोघींकडे सारखीच. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने पाऱ्याची नळी देऊन मेव्हण्यांना डोंगरावर पाठवलं होतं ते हेच बघायला. माझं काम मावसबहिणीवर भागलं. १,८०० परत मागितले, अर्थातच मिळाले नाहीत.

इथवर मशिनला पाच तारे द्यायला हरकत नव्हती. पंप पिशवी 'ओढतो' असं मला वाटायचं, तसं नाही. हवा निघत असते तेव्हा पिशवी आत ढिलीच पडलेली असते. सील झाल्यावर चेंबरमध्ये हवा परत सुटते आणि ती पिशवीला चहूबाजूंनी दाबते, भाजणीची एका क्षणात वीट होते. अजून हात थांबवून बघते. चकलीचा मात्र भुगा होतो, त्या फंदात पडू नका.

गणपतीनंतर काटा ६५ वर आला. फोन केला, तर तोच माणूस म्हणतो, "ताई, पुण्यात कमीच येणार, तुम्हीच तर शिकवलंत." माझेच दात माझ्याच घशात! पण ७१ मधून ६५ गेले की सहा उरतात, म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा हवा पिशवीत तशीच. एवढ्यासाठी का चेंबरचं मशिन घेतलं?

आधी पंपाच्या तेलाच्या काचेत बघितलं. तेल ताकासारखं पांढरं. चूक माझी. नणंदेच्या आग्रहाखातर कोमट पुरण पॅक केलं होतं. आतला दाब २.८ सेंटिमीटरवर आला की २८ अंशांचं पाणीसुद्धा उकळतं, आणि हे मशिन त्याच्याही खाली जातं. सगळी वाफ पंपाच्या तेलात. तेल बदललं, काटा ६७. म्हणजे आणखी काहीतरी होतंच.

ते कळलं गुरुवारी, ऐन वेळी लाइट गेल्यामुळे. आमच्या मशिनमध्ये वीज गेली की दोन्ही व्हॉल्व्ह (पंपाकडचा आणि हवा परत सोडणारा) बंद होतात, त्यामुळे पूर्वी लाइट येईपर्यंत झाकण चिकटून राहायचं. या वेळी काटा डोळ्यांदेखत घसरला आणि चार मिनिटांत झाकण उघडलं. शेवटी काटा कुठे थांबतो यावरून मी इतकं भांडले. तो तिथे टिकतो का, हे एकदाही बघितलं नव्हतं.

साबणाचं पाणी लावून बघितलं. एक फुगा नाही. येणार कसा? सिलिंडरचा गॅस बाहेर येतो, इथे हवा आत जाते. मग उदबत्ती लावली. झाकणाच्या कडेने धूर सरळ वर. (म्हणजे गॅस्केट ठीक. १,८०० रुपये आठवले.) प्लग काढून मागचं पॅनल उघडलं, आणि पाइपाच्या वळणापाशी धूर वाकून आत शिरला.

खात्रीसाठी समोरच्या गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. "वहिनी, गाडीतही हेच," म्हणाले. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचा पाइप चिरला की सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी आयडलिंगला वरखाली करते. ते एकेक पाइप पक्कडीने चिमटून बघतात. इथे चेंबरजवळ चिमटला तर काटा टिकला, व्हॉल्व्हजवळ चिमटला तर घसरला. चीर मधेच. गाडीत स्प्रे मारूनही लीक शोधतात म्हणे, पण सील करणारी तार तापत असते तिथे असले पेटणारे स्प्रे अजिबात नकोत.

नाना पेठेतून फूटभर जाड व्हॅक्यूम होज आणि दोन क्लिपा, एकूण ८० रुपये. पाण्याचा साधा पाइप लावू नका, आतल्या आत चपटा होतो. काटा परत ७० वर, आणि तासभर लाइट बंद ठेवून बघितलं तरी तिथेच.

चार तारे. पाचवा १,८०० रुपयांबरोबर गेला.

काल रत्नागिरीहून फोन होता, तिचा काटा ७२ वर आलाय. म्हटलं, उदबत्ती लाव.