मिरजेत आबांची प्रोस्टेटची तपासणी, ५ पैकी ४ स्टार

तासगावजवळ आमची द्राक्षबाग, आबांचं वय ६८. गावात स्वस्तातलं फुल बॉडी चेकअप शिबिर आलं होतं, आबांनी रक्त दिलं आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, पीएसए ११.८, लाल अक्षरात. लॅबवाल्याला फोन केला तर म्हणतो "ती कॅन्सरची टेस्ट आहे, वाढलीय, लवकर दाखवा" आणि फोन ठेवला. बास एवढंच. आईनं त्या रात्री जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी मिरज गाठली, आमच्याकडं काय मोठं निघालं की मिरजच, मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस साहेबांच्या काळापासूनची सवय आहे.

पार्किंग नाही हे आधीच सांगतो, गाडी लांब लावून म्हाताऱ्या माणसाला चालवत आणावं लागतं आणि अपॉइंटमेंट ११ ची असून नंबर सव्वाएकला लागला. निम्मी रांग अथणी-चिकोडीची, रिसेप्शनवरची मुलगी एका दमात मराठी कन्नड हिंदी बोलते, तिचं मात्र कौतुक.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. पहिला प्रश्न, आबा लघवीला जळजळ होती का? होती की, शिबिराच्या आठवड्यातच, आम्हाला घरात कुणाला बोललेच नव्हते. मग त्यांनी सांगितलं की पीएसए हे प्रोस्टेटमधनं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतनं, रक्तात येणारं प्रोटीन, ते इन्फेक्शननं वाढतं, वयानं प्रोस्टेट वाढली तरी वाढतं, लघवीची नळी घातली तरी वाढतं, नुसत्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. लघवीचं कल्चर, सोनोग्राफी, गोळ्यांचा कोर्स आणि ६ आठवड्यांनी परत रक्त. रक्ताच्या आधी दोन दिवस सायकल बंद आणि बायकोपासून लांब, हे ऐकून आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

बोटानं तपासणीपण केली, गुदद्वारातून. मिनिटभर लागत नाही पण आबा बाहेर येऊन तासभर बोलले नाहीत. उजवीकडं थोडं कडक लागतंय असं डॉक्टर म्हणाले. ६ आठवड्यांनी पीएसए ७.२, म्हणजे उतरला पण नॉर्मल नाही, म्हणून एमआरआय. अर्धा पाऊण तास मशीनमध्ये, आबांच्या भाषेत मळणी मशीनच्या पोटात झोपल्यासारखं. त्याच्या रिपोर्टवर १ ते ५ असा संशयाचा नंबर असतो, पायरॅड्स म्हणतात, आमचा ४ आला. तो नंबर म्हणजे स्टेज नव्हे, मी दोन दिवस चौथी स्टेज समजून फिरत होतो.

मग बायोप्सी, म्हणजे सुईनं प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासायचे. आबांनी विचारलं एवढ्या सुया कशाला, तर डॉक्टर म्हणाले "आबा, माती परीक्षणाला तुम्ही एकाच जागची माती देता का?" सगळ्या भागातनं मिळून १२ नमुने आणि एमआरआयला दिसलेल्या जागेतनं वेगळे २. आबा लगेच, "आणि खराब माती बरोबर दोन खड्ड्यांच्या मधी असली तर?" डॉक्टर हसले, म्हणाले व्हय, सुटू शकतं, म्हणून तर आधी एमआरआय केला. रक्त पातळ करायची गोळी आधी बंद केली, तीपण हार्टच्या डॉक्टरांना फोन करून. नंतर दोन दिवस लघवीला रक्त आलं, ते येणार हे आधी सांगितलेलं, आणि थंडी ताप आला तर रात्री २ वाजता असला तरी निघून या हे तीनदा बजावलं. ताप आला नाही.

८ दिवसांनी रिपोर्ट, कॅन्सर आहे, ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती जोरात वाढणारा त्याचा नंबर, ३+३=६. मला वाटलं दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याच्या वर गेला की. तर हे मोजमाप कॅन्सर निघाल्यावर हल्ली ६ पासनंच सुरू होतं आणि १० पर्यंत जातं, ६ म्हणजे सगळ्यात खालची पायरी, हळू वाढणारा. मी डॉक्टरांना खुणेनं सांगत होतो आबांसमोर नको, त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, खुर्ची आबांकडं वळवून सगळं त्यांनाच सांगितलं. तेव्हा राग आला होता. आबा मात्र शांत, "मग आता कापायचं काय?" तर नाही, सध्या ऑपरेशन नाही रेडिएशन नाही, नुसती नजर ठेवायची, ६ महिन्यांनी पीएसए, पुढं गरज वाटली तर परत एमआरआय, बायोप्सी. ऑपरेशन करून बिल वाढवायची आयती संधी होती, ती घेतली नाही, ४ स्टार त्याचेच.

एक स्टार पार्किंग आणि वेटिंगचा कापला. आणि बायोप्सीच्या रिपोर्टची फाईल मिळायला तीन काउंटर फिरवतात ते सुधारा.

पुढची पीएसए ऑक्टोबरमध्ये आहे, आबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, छाटणीच्या आठवड्यात नंबर लावू नकोस म्हणून.