बँक्सीच्या 'स्लेव्ह लेबर'चा कॅनव्हास प्रिंट: छपाई झकास, पताकाच कापल्या!

ऑनलाइन मागवला, आठशेच्या आसपास पडला. छपाई शार्प आहे, काळा रंग मस्त उतरलाय, फ्रेम वाकडी नाही, पॅकिंग पण नीट. घोळ पुढे आहे.

मूळ चित्र बँक्सीचं, म्हणजे खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश कलाकाराचं, मे २०१२ मधलं, लंडनच्या वूड ग्रीन भागातल्या पाउंडलँडच्या बाजूच्या भिंतीवरचं. पाउंडलँड म्हणजे आपल्याकडे 'कोणतीही वस्तू दहा रुपये' वाले असतात ना, तसलं, त्या काळी एका पाउंडात वस्तू. तेव्हा राणी एलिझाबेथ गादीवर बसल्याची साठ वर्षं, त्यात ऑलिम्पिक तोंडावर, म्हणून सगळीकडे ब्रिटिश झेंड्यांच्या माळा, आणि या बाबाने काय केलं तर गुडघ्यावर बसून शिलाई मशीनवर त्याच माळा शिवणारा पोरगा काढला. पोरगा काळा-पांढरा, स्टेन्सिलचा (कापलेल्या साच्यावरून रंग मारलेला), पण मशीनमधून निघणाऱ्या पताका खऱ्या, रंगीत, भिंतीला लावलेल्या!! २०१० मध्ये याच पाउंडलँडमधला काही माल भारतात सात वर्षांचा मुलगा बनवतो अशा बातम्या आलेल्या, त्यामुळे भिंत उगाच निवडलेली नाही.

आता प्रिंटमध्ये त्या पताका सपाट छापल्यात, ते एकवेळ ठीक, पण फ्रेमच्या मापात बसवायला माळेचं टोकच उडवलंय. म्हणजे पोरगा नेमकं काय शिवतोय तेच कळत नाही, माझ्या मावशीने बघून विचारलं, 'टेलरचं दुकान काढतोयस का रे?' आणि लिस्टिंगमध्ये काय लिहिलंय माहितीये, 'क्यूट बॉय, किड्स रूमसाठी परफेक्ट'. अरे!! बालमजुरीचं चित्र आहे ते, कार्टून नाही. वर कॉम्बो ऑफर, दोन घ्या एक फ्री, आणि त्यातलं फ्री चित्र कुठलं तर शॉपिंग ट्रॉलीसकट खाली कोसळणारी बाई, बँक्सीचंच, २०११ मध्ये लंडनच्याच मेफेअर भागातल्या भिंतीवर काढलेलं. विकणाऱ्याने एकदा तरी बघितलं असेल का काय विकतोय ते?

अर्थात लंडनवाले तरी कुठे मागे आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये अख्खं 'स्लेव्ह लेबर' भिंतीतून कापून थेट अमेरिकेतल्या मायामीच्या लिलावात, वूड ग्रीनच्या लोकांनी बोंब मारली म्हणून ऐनवेळी मागे घेतलं, पण जूनमध्ये लंडनमध्येच विकलं गेलं, साडेसात लाख पाउंडच्या वर!! एक पाउंडवाल्या दुकानाची भिंत ती.

घ्यायचाच असेल तर या सेलरकडून नका घेऊ. त्याला परवानगी असेल असं वाटत नाही, आणि बँक्सीच्या स्वतःच्या साइटवर म्हटलंय की घरगुती वापराला चित्रं घ्या, धंदा करू नका. तिथून उतरवून जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा, फक्त त्याला आधीच बजावा, कडा कापायच्या नाहीत.

मी तीन स्टार देतोय, ते छपाईचे. आणि हो, भिंतीला लावायचे हुक बॉक्समध्ये येत नाहीत, वेगळे आणावे लागतात.