मॅकबुक एअर १५ की एलजी ग्रॅम १६?

डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्याला लॅपटॉपचं आधी वजन कळतं, मग स्क्रीन. ग्रॅम १६ सुमारे १.२ किलोचा, एअर १५ दीड किलोचा. तीनशे ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण मुंब्र्यापर्यंत बॅग छातीशी धरून उभं राहिलं की खांद्याला समजतो. ग्रॅम मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबला तर किंचित लवतो. ॲल्युमिनियमचा एअर ढिम्म हलत नाही. शिवाय त्यात पंखाच नाही, त्यामुळे आवाजही नाही.

तरी हिशेबाचं काम करणाऱ्यांना मी ग्रॅमच सुचवेन. त्यात अंकांचा वेगळा कीपॅड आहे, एचडीएमआय आहे, जुना पेनड्राइव्हही थेट लागतो आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजवर सरळ चालतं. एअरला दोनच थंडरबोल्ट (यूएसबी-सी आकाराचे) पोर्ट, म्हणजे अडॅप्टर आलाच.

किमतीत मात्र जपा. एम४ चिपचा एअर १५ मार्च २०२५मध्ये १,२४,९०० रुपयांना आला, तोही २५६ जीबी स्टोरेजचा. ५१२साठी तेव्हा वर २० हजार होते, आणि नंतर स्टोरेज वाढवता येत नाही. ग्रॅममध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी, म्हणजे जादा स्टोरेजसाठी, जागा असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ही एसएसडी बसवून मिळते.